साळूबाईची बावीस अंडी

मी पस्तीस वर्षं अंडी फिरवली. नगरच्या रस्त्याला एक हॅचरी आहे, तिथं मशीनवर हेल्पर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. माझ्या हाताखालून किती पिल्लं निघाली ते मोजायला बसलो तर माझं उरलेलं आयुष्य पुरायचं नाही. एकही ट्रे माझ्या चुकीनं वाया गेला नाही, हे मालक निरोपाच्या दिवशी माइकवर बोलले. त्यांनी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. हे सगळं आधी सांगतो, कारण पुढं जे झालं ते एखाद्या अडाण्याच्या हातून झालं असं कुणी समजू नये. मी एडविन भिंगारदिवे. अंड्यातलं मला कळतं.

माझा मुलगा जस्टिन सरडे पाळायचा. कुंपणावरचे नव्हेत. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्यांना. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, शेपटीसकट हातभर लांब, कडेला काटे आणि गळ्याखाली दाढीसारखी कातडी. राग आला की ती दाढी फुगते आणि काळी पडते. स्टेला, म्हणजे माझी बायको, म्हणायची की घरात आधी एक होता, आता तीन झाले. जस्टिननं जोडीला काहीतरी इंग्रजी नावं ठेवली होती, पण स्टेलानं ती टिकू दिली नाहीत. मादी दगडावर हनुवटी वर करून बसायची. आमच्या तिसगावच्या बाजारात भाजीवाली साळूबाई कुणी भाव पाडून मागितला की अशीच बसते, म्हणून ही साळूबाई. नराचं नाव मग छगन पडलं, कारण बाजारातल्या साळूबाईचा नवरा छगन.

तिसगावातच एका मोबाईलच्या दुकानात जस्टिन दुरुस्तीचं काम करायचा. पगार साठवून त्यानं ही जोडी तीस हजारांना आणली. ती नुसती सुरुवात होती. काचेची पेटी वेगळी, ऊब देणारा दिवा वेगळा आणि शिवाय एक ट्यूब. ती ट्यूब दर सहा महिन्यांनी बदलायची, जळलेली नसली तरी. चांगली पेटती ट्यूब काढून टाकायची! मी विचारलं, का बाबा? तर म्हणे, डोळ्याला दिसतो तो उजेड राहतो, पण हाडांना लागतं ते ऊन संपतं. मग रातकिडे. ते विकत आणायचे, त्यांना गाजर खायला घालायचं, म्हणजे किड्यांचाही बाजारहाट आला, आणि मग त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरून सरड्यांपुढं सोडायचे. सरकारी पोर्टलवर नोंद करायची. पोट बिघडलं तर थेट पुणं गाठायचं, कारण तालुक्याला एका डॉक्टरांना दाखवलं तर ते आधी हसले आणि मग फोटो काढून घेतला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मी दर रविवारी जेवताना ऐकवायचो. म्हैस घेतली असती तर निदान दूध मिळालं असतं, हेही ऐकवायचो. जस्टिन मान खाली घालून भाकरी मोडत राहायचा.

मला त्याचा राग का यायचा, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आता सांगता येतं. मी पस्तीस वर्षं त्याच कामात घालवली होती, आणि पोरानं मला एकदाही काही विचारलं नाही. सगळं त्यानं मोबाईलवर बघून शिकून घेतलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये साळूबाईची एकतीस पिल्लं निघाली. बोटाएवढी, पण दाढीसकट. मागची पत्र्याची खोली जस्टिननं त्यांच्यासाठी साफ केली, कूलर लावला, वारा बाहेर फेकणारा पंखा बसवला. वीस पिल्लं बुक झाली होती. सकाळी त्या खोलीत तो शीळ घालत काम करायचा. तोवर मी त्याची शीळ कधी ऐकली नव्हती.

आमच्या घरात आजोबांपासून एक रीत आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन घरात काही चालू ठेवायचं नाही. चूल नाही, पंखा नाही, रेडिओ नाही. तिसगावात वीज आली तेव्हा वडिलांनी त्या रीतीत मेन स्विचही धरला. बाराची घंटा झाली की घरातला कर्ता पुरुष मेन खाली ओढतो, आणि मग सगळे तीन तासांच्या उपासनेला चर्चमध्ये जातात. दुसऱ्या कुठल्या घरात हे असं करत असतील असं वाटत नाही, पण आमच्यात करतात.

जस्टिन उपासनेला की-बोर्ड वाजवायचा, म्हणून त्याला लवकर जावं लागायचं. त्या उत्तम शुक्रवारी जाताना तो मला म्हणाला, "पप्पा, ह्या वर्षी मेन नका वढू. ती खोली तापती लई."

"वाळवंटातली जनावरं हायती ना ती?" मी म्हणालो. "देवाच्या लेकासाठी तीन तास सोसवत न्हाई व्हय तुज्या पालींना?"

"पप्पा, मी सांगतोय ते ऐका."

त्याच्या आवाजात मला माझ्या हॅचरीच्या मॅनेजरचा आवाज ऐकू आला. बाराला मी मेन ओढला. मला पिल्लं मारायची नव्हती. पण पोराला वठणीवर आणायचं होतं, हे खरं आहे, आणि ते मी कुठंही कबूल करायला तयार आहे.

बाहेर बेचाळीस डिग्री होतं. पत्र्याखाली किती झालं असेल ते मला सांगायची गरज नाही, मी हॅचरीतला माणूस आहे, मला कळायला हवं होतं. साळूबाई आणि छगन पुढच्या खोलीत फरशीवर होते, ते वाचले. जस्टिननं एकतीस पिल्लं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली. ओरडला नाही. "मी सांगितलं हुतं," एवढंच म्हणाला आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांना एकेक करून फोन लावत बसला.

पंधरा दिवसांनी तो पुण्याला गेला. तिथं एका जनावरांच्या दवाखान्यात त्याला मदतनिसाचं काम मिळालं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं मी स्टेलाला म्हणालो होतो, येईल आठवड्यात परत. तो आला नाही. खोलीवर जनावर ठेवायला घरमालकाची परवानगी नव्हती, म्हणून जोडी आमच्याकडंच राहिली. त्यानं सिम बदललं. नवा नंबर स्टेलाकडं होता, माझ्याकडं नव्हता. रोज सात वाजता ती मागच्या दारात बसून त्याच्याशी बोलायची, आणि मी तिथं गेलो की "बरं, ठिवते," म्हणायची.

तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. याला दुसरा शब्द मला सुचत नाही. नाताळात मटण खाल्लं, त्याला चव नव्हती. जानेवारीत माझा थोरला भाऊ गेला. मी कबरीत मूठभर माती टाकली, हात धुतले आणि चहा घेतला. लोक म्हणाले एडविन खंबीर आहे. मी खंबीर नव्हतो, बधिर होतो. फक्त सरड्यांचं काम मी करू लागलो, कारण स्टेलाला रातकिड्यांची किळस यायची आणि कुणीतरी ते करायलाच हवं होतं. ट्यूबचे सहा महिने भरले तेव्हा मी चांगली पेटती ट्यूब काढली आणि नवी लावली. कॅल्शियमची भुकटी संपली तेव्हा मात्र मी माझी अक्कल चालवली. अंड्यावरच्या कोंबडीला शिंपला देतात. मी शिंपला आणला, कुटला, स्टेलाच्या जुन्या ओढणीतून गाळला आणि तो रातकिड्यांना चोळला.

एक फेब्रुवारीला साळूबाईनं वाळूच्या टबात खड्डा केला आणि बावीस अंडी घातली.

मी ती बघत उभा राहिलो. पांढरी, लांबट, कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नव्हेत, चामड्यासारखी. आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्या डोक्यात एक स्पष्ट विचार आला. एकतीस मी घेतली होती. बावीस परत देता येतील. बावीस पिल्लं पेटीत घालून मी पुण्याला जाईन, दवाखान्याच्या दारात उभा राहीन आणि म्हणेन, घे.

"जस्टिनला इचारा की कशी ठिवायची ती," स्टेला म्हणाली. "लावू फोन?"

"अंडी उबवायला मी त्याला इचारू?"

"मग मी इचारते."

"खबरदार. एक शबुद बोलायचा न्हाई त्याच्याजवळ. पिल्लं निगाल्यावर सांगू."

"बरं," स्टेला म्हणाली. आणि तिनं शब्द पाळला.

जस्टिनचा थर्मोकोलचा डबा माळ्यावर होता, त्याला गरम राखणारं यंत्र जोडलेलं होतं, काटा एकोणतीसवर. तो मी हलवला नाही. रोपांच्या नर्सरीत मिळतो तो भुसभुशीत भुगा त्यानं पिशवीत भरून ठेवला होता, तो ओला करून मी पसरला. ग्रॅच्युइटीतले पैसे काढून इन्व्हर्टर घेतला, कारण आमच्याकडं वीज कधी जाईल ते वीजवाल्यांनाही ठाऊक नसतं. मग शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली. ती पेन्सिल माझ्या खिशात पस्तीस वर्षं आहे, म्हणजे तीच नव्हे, पण एक असतेच. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. घरी खुडूक कोंबडी नसताना अंडी उबवायची तर असंच करतात, नाहीतर कुठलं फिरवलं आणि कुठलं राहिलं ते कळत नाही.

सकाळी सहाला फुली वर. दुपारी एकला गोल वर. रात्री आठला पुन्हा फुली. हात धुऊन, हळू, दोन बोटांनी. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं आणि अठराव्या दिवशी फिरवणं थांबवतात. ही दोन महिन्यांनी फुटतात, हे जस्टिनच्या तोंडून जेवताना कधीतरी कानावर पडलं होतं. मी त्रैराशिक मांडलं. साठ दिवसांना एकावन्न येतात. एकावन्न दिवस फिरवायची, मग शांत ठेवायची. वहीत रोज तीन वेळा नोंद केली. चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला काष्टीला जायचं होतं, मी गेलो नाही. स्टेला एकटी गेली आणि मला ताप आहे असं सांगून आली.

बाराव्या दिवशी मोबाईलचा उजेड खालून धरून बघितलं. आत गुलाबी शिरा. स्टेलाला हाक मारली. तिनं वाकून बघितलं आणि छातीवर हात ठेवला. मला बरं वाटलं असावं. निदान त्या रात्री मी दोन भाकरी खाल्ल्या.

विसाव्या दिवशी तीन अंडी पिचकली. मी ती काढली. पंचविसाव्याला आणखी पाच पिवळी पडली. मी पाणी वाढवलं. मग बुरशी आली, मी पाणी कमी केलं. "त्याला इचारा," स्टेला म्हणाली. मी नाही म्हणून मान हलवली. "अहो, त्याचा नंबर देते, तुमीच बोला," ती म्हणाली. मी म्हणालो, अजून चौदा आहेत. मग नऊ होती. मग चार. प्रत्येक वेळी मी वहीत आकडा खोडला, आणि फिरवण्याची एकही पाळी चुकवली नाही. उरलेल्यांना तरी नीट सांभाळावं, एवढंच डोक्यात होतं.

एकावन्नाव्या दिवशी एक अंडं उरलं होतं. गुबगुबीत, पांढरं. त्याला मी शांत ठेवलं.

एकसष्टाव्या दिवशी उत्तम शुक्रवार होता. स्टेलानं जस्टिनला आधीच गळ घातली होती, एवढा एक दिवस ये, चर्चमध्ये माझ्याशेजारी बस. तो अकराच्या एसटीनं आला. बारीक झाला होता, हातावर मांजरांचे ओरखडे होते. "पप्पा," म्हणाला आणि पाणी प्यायला. मग तो सरड्यांकडं गेला, कारण तो तिकडंच जाणार होता, आणि मी त्याच्या मागं गेलो, कारण डबा तिथंच होता.

त्यानं झाकण उघडलं.

"हे काय?"

"साळूबाईनं घातली. बावीस हुती. आता एक हाय."

त्यानं ते अंडं उचललं नाही, नुसतं बघत राहिला. "ही फुली कसली?"

"फिरवायची खूण. दिसातनं तीनदा. सहाला, एकला, आठला. एक बी पाळी चुकली न्हाई," मी म्हणालो. ते सांगताना माझी छाती थोडी पुढं आली होती, हे मला आठवतं.

जस्टिन खाली बसला.  मग हळू बोलला, दवाखान्यात लोकांना सांगत असेल तसा.

"पप्पा, ही फिरवायची नसत्यात. कोंबडीचं फिरवलं न्हाई तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. ह्यांचं उलटं. हे पहिल्या दिवसापासनं वरच्या अंगाला चिकटतं आन तसंच वाढतं. अंडं उलटं केलं की आत मरतं."

"एकदा केलं तरी?"

"एकदा केलं तरी बी. एखादं थोडे दिस तग धरतं, पर निगत न्हाई."

एकावन्न त्रिक एकशे त्रेपन्न. मनातल्या मनात मी गुणाकार केला, दुसरं काही सुचलं नाही. जस्टिननं नखानं अंडं फाडलं. आत पिल्लू होतं, अंगठ्याच्या पेरभर, शेपूट पोटाशी घेतलेलं. कधीच मेलेलं. त्याला डोळे आले होते.

"मला इचारायचं न्हाई?" तो म्हणाला.

"तुजा नंबर न्हाई माज्याकडं."

"आईकडं हुता की."

"हुता," मी म्हणालो.

बाराची घंटा सुरू झाली. स्टेला पांढरी साडी नेसून दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या मेनकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे चालू. तू जा," मी म्हणालो.

ती गेली. माझ्या जन्मात पहिल्यांदा त्या वेळेला आमच्या घरात पंखा फिरत होता. आम्ही दोघं फरशीवर बसलो होतो, मध्ये तो डबा.

"गेल्या वर्षी म्या रागानं वढला मेन," मी म्हणालो. "तुजी जिरवायची हुती मला. चूक झाली माजी. पण ही मातर मला जगवायची हुती रं. तुला द्यायची हुती."

"ठावं हाय," जस्टिन म्हणाला. 

माझ्या छातीत दुखायला लागलं. चांगलंच दुखलं, श्वास अडकला, डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभरानं काहीतरी दुखत होतं.

थोड्या वेळानं त्यानं साळूबाईला पेटीतून बाहेर घेतलं. जबडा दाबून बघितला, मागचे पाय ओढून बघितले. "ही लई चांगली हाय," तो म्हणाला. "एवढी अंडी घातली की ह्यांच्या हाडातलं सगळं वडून जातं. आमच्याकडं येत्यात त्यांना चालता येत न्हाई. हिला काय घातलं?"

"शिंपला. वस्त्रगाळ करून."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि थोडासा हसला. मग साळूबाईच्या पोटाखालून बोट फिरवता फिरवता थांबला. माझं बोट धरलं आणि तिथं ठेवलं. कातडीखाली वाटाण्यांसारखं काहीतरी लागत होतं.

"परत भरली हाय. दहा-बारा दिसात घालील."

"तू थांबशील?"

"सोमवारी ड्युटी हाय."

"मग कोन बघणार?"

"तुमी." त्यानं साळूबाईला दगडावर ठेवलं. ती हनुवटी वर करून बसली. "जशी घालील तशीच उचलायची, वरची बाजू वर. डब्यात ठिवायची. मग हात लावायचा न्हाई."

"दोन म्हैने?"

"दोन म्हैने."

मी माझे हात बघितले. "आन काय अडलं तर?"

जस्टिननं पुढं वाकून माझ्या शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली. थर्मोकोलच्या झाकणावर त्यानं मोठे मोठे दहा आकडे लिहिले, मला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे. मग पेन्सिल स्वतःच्या खिशात टाकली.

"पेन्सिल दे हिकडं," मी म्हणालो.

"न्हाई," तो म्हणाला.